पडली की पाडली

मी मांजर पाडलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत गेला महिनाभर माझी ओळख 'सातव्या मजल्यावरचे ते मांजर फेकणारे' अशी करून दिली जाते. परवा एक कुरियरवाला दारात आला, पाकीट दिलं, सही घेतली आणि जाता जाता अगदी आपुलकीनं म्हणाला, "काका, मांजर वाचली ना?" मी वजनमापे खात्यात एकवीस वर्षं नोकरी केली आहे. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनं ताडून बघायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे माझं काम. एकवीस वर्षांत माझ्या हातून कुणावर एका ग्रॅमचाही अन्याय झालेला नाही. असा माणूस चार किलोची जिवंत मांजर सातव्या मजल्यावरून खाली सोडून देईल? आणि तीही सासूबाईंची?

मांजर सासूबाईंची, हे एकदा कळलं की पुढचं सगळं गांभीर्यानं घ्यावं लागतं. सासरे गेल्यापासून त्या घरात दोघीच, त्या आणि मांजर. सासूबाई तिला सकाळी बातम्या वाचून दाखवतात, तिच्याशी भाजीवाल्याच्या तक्रारी करतात, आणि फोनवर माझी चौकशी करायच्या आधी तिनं काय खाल्लं ते मला सांगतात. या मांजरीचं नाव चिमणी. मांजरीला चिमणी म्हणणं तुम्हाला आत्ता गमतीचं वाटेल. मलाही वाटलं होतं.

तर सासूबाईंचा गुडघा बदलायचा ठरला. दोन आठवडे इस्पितळात राहायचं, चालायला शिकूनच घरी जायचं. बायकोनं आईजवळ थांबायला रजा घेतली आणि चिमणी आमच्याकडे आली. आल्या आल्या ती तिन्ही खोल्या फिरली, प्रत्येक कोपऱ्यात थांबून वास घेतला आणि शेवटी माझ्या इस्त्री केलेल्या शर्टांवर जाऊन बसली. तपासणीला आलेला अधिकारी कसा वागतो हे मला चांगलं माहीत आहे. मी दुसरे शर्ट इस्त्रीला काढले.

"अहो, गॅलरीला आधी जाळी लावून घ्या," बायको म्हणाली.

"मांजरीसाठी?"

"नाही, माझ्यासाठी. मीच उड्या मारते ना कठड्यावर!"

"अगं, मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं. सगळ्या जगाला माहीत आहे."

"सगळ्या जगाला माझ्या आईला तोंड द्यायचं नाहीये. तुम्हाला द्यायचंय."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं. हे गृहस्थ निवृत्त आहेत आणि त्यांना दोनच आवडी: सूचनाफलकावर सूचना लावणं आणि आपली नवीन क्रीम रंगाची गाडी पुसणं. गाडी ते नेमकी आमच्या गॅलरीच्या खाली लावतात. जाळी म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं.

"परवानगी लागेल. तीन प्रतींत अर्ज द्या. जाळीचा रंग, भोकांचा आकार, बाहेरून कशी दिसेल त्याचं चित्र. रविवारच्या सभेत ठेवू."

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण तीन प्रती आणि चित्र ऐकून माझं डोकं फिरलं होतं. मी म्हणालो, "खरं म्हणजे गरजच नाही हो. मांजर आहे ती. सातव्यावरून पडली तरी अंग झटकून चालायला लागेल. घरच्यांच्या समाधानासाठी लावतोय इतकंच."

लिफ्टमध्ये आमच्या समोरच्या घरातले इंजिनियरही होते. म्हणजे साक्षीदार दोन.

बुधवारी संध्याकाळी बायकोनं परस्पर ठरवलेला जाळीवाला मापं घ्यायला आला. परवानगी येईल तेव्हा येईल, माप घेऊन ठेवायला काय हरकत आहे, असं तिचं म्हणणं. माणूस बरा होता. चपला बाहेर काढल्या, पाणी मागितलं, गॅलरीत गेला आणि खिशातून टेप काढली. कापडी टेप. मधे गाठ मारलेली. मी सहज बघितलं तर तिला पहिले चार इंचच नव्हते.

"हे काय?"

"तुटलेत साहेब. मी पाचपासून धरतो आणि शेवटी वजा करतो."

मी त्या टेपकडे बघत राहिलो. एखाद्या डॉक्टरसमोर कुणी गंजलेली सुई काढली तर त्याला जसं वाटेल, तसं मला वाटलं. "आणि वजा करायचं विसरलात तर?"

"मग जाळी सैल बसते. ओढून घेतो."

"आणि ही टेप ताणलेली आहे. कापड ताणतं. यावर शिक्का कुठंय?"

"कसला शिक्का?"

पंधरा वर्षं घरोघरी जाळ्या लावणाऱ्या माणसानं मला विचारलं, कसला शिक्का! मी म्हणालो, थांबा, एक अक्षर लिहू नका. आणि कपाटातून माझी पोलादी टेप आणायला आत गेलो. गॅलरीचं दार कुणी उघडं ठेवलं, या प्रश्नावर आमच्या घरात पुढे बरीच चर्चा झाली. माझं मत असं की त्यावेळी गॅलरीत जो माणूस उभा होता, दाराची जबाबदारी त्याची. बायकोचं मत वेगळं आहे. ते असो. मी कपाटात हात घातला होता तेवढ्यात बाहेरून पंख फडफडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ जाळीवाल्याचा.

"साहेब, कबुतर आलं होतं."

"बरं मग?"

"तुमची मांजर त्याच्यामागे गेली."

"कुठे?"

त्यानं टेपनंच कठड्यापलीकडे दाखवलं. "खाली."

मी कठड्यावरून वाकून बघितलं. क्रीम रंगाचं छप्पर दिसलं, बाकी काही दिसलं नाही. मी धावत आत आलो आणि फोन उचलून खाली रखवालदाराला ओरडून सांगितलं, "चिमणी पडली! सातव्या मजल्यावरून पडली! बघा लवकर, कुठं आहे!"

"साहेब, उडून गेली असेल."

"उडेल कशी? तिला पंख आहेत का?"

मग अत्यंत दुःखी आवाजात, "पंख कुणी कापले साहेब?"

मी फोन आपटला आणि जिन्यानं धावत सुटलो. पाचव्या मजल्यावर एका बाईंनी "काय झालं?" विचारलं, मी "चिमणी पडली" म्हणालो, त्यांनी "अरेरे" म्हणून दार लावून घेतलं. माणसाचा जीव जात असताना त्याला एका शब्दासाठी असं वाऱ्यावर सोडू नये. खाली पोचलो तेव्हा गाडीच्या छपराला ताटाएवढा खड्डा पडला होता आणि मांजर नव्हती. मी गुडघ्यांवर बसलो, मग पोटावर झोपलो. मागच्या चाकाच्या आड ती बसली होती. चार पायांवरच. पण तोंडातून रक्त येत होतं, डोळे मोठे झाले होते आणि पोट इतक्या भराभर खालीवर होत होतं की मलाही मोजता येईना. "चिमणे," मी म्हणालो. आमच्या घरात आल्यापासून मी तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारत होतो. ती हलली नाही.

तोवर माणसं जमली. पाणी पाजा, पाणी पाजू नका, उचलू नका, लवकर उचला, पायावर फुंकर मारा. आमचे इंजिनियर वर बघत बोटांवर काहीतरी मोजत होते.

"उंची किती?"

"एकवीस मीटर चाळीस," माझ्या तोंडून निघून गेलं. मी ती मागेच मोजून ठेवलेली आहे.

"म्हणजे दोन पूर्णांक एक सेकंद." त्यांनी खेदानं मान हलवली. "इथंच चुकलं. मांजर आधी हवेत वळतं, मग अंग सैल सोडतं, पाय पसरतं. त्याला वेळ लागतो. तुम्ही अकराव्या मजल्यावर असता तर कमी लागलं असतं. मी वाचलंय."

"आपली इमारत आठ मजल्यांची आहे!"

"तोच तर प्रश्न आहे," ते म्हणाले.

सेक्रेटरी आले. त्यांनी खड्ड्याकडे बघितलं, वर आमच्या गॅलरीकडे बघितलं, गॅलरीतून वाकून बघणाऱ्या जाळीवाल्याच्या हातातल्या टेपकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. मी जमिनीवर आडवा, हातात चाकाआडून काढलेली मांजर.

"तुम्ही सोमवारी लिफ्टमध्ये म्हणाला होतात," ते सावकाश म्हणाले, "की काही होत नाही. म्हणून टाकून बघितलंत का?"

तुम्हीच सांगा, यावर माणसानं काय बोलायचं! मी मांजर घेऊन रिक्षाकडे धावलो, आणि सगळ्यांनी त्याचा सोयीचा अर्थ घेतला.

प्राण्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज शांत. त्यांनी चिमणीला अलगद वजनकाट्यावर ठेवलं. काट्यावर शिक्का नव्हता. आकडा चार किलो दोनशे आला, आणि मी स्वतः रविवारी केलेलं तिचं वजन तीन किलो नऊशे चाळीस भरलं होतं. मी एक शब्द बोललो नाही. नोकरीत लागल्यापासून असं पहिल्यांदाच झालं असेल.

"जबडा मधोमध तडकलाय. दात तुटलाय. फुप्फुसाभोवती हवा साचलीये, ती सुईनं काढावी लागेल," बाई म्हणाल्या. "दोन दिवस काही सांगता येत नाही."

"पण मांजर पडलं तर काही होत नाही ना?" मी म्हणालो. मला तेव्हा कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. "आमचे शेजारी म्हणतात, जास्त उंचावरून तर कमीच लागतं. त्यांनी वाचलंय."

"दवाखान्यात आणलेल्या मांजरांची मोजदाद करून तसं लिहिलंय लोकांनी. बरीचशी वाचतात, खोटं नाही. पण काका, जी खाली पडून तिथंच जातात, ती आमच्याकडे कोण आणतं?"

ही गोष्ट मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या कचेरीत दरवर्षी हजारो वजनं शिक्का मारून घ्यायला येतात आणि जवळजवळ सगळी बरोबर निघतात. नवीन आलेल्या साहेबांना वाटतं, वा, किती प्रामाणिक गाव आहे! खोटी वजनं दुकानातच राहतात, ती आपल्या पायानं कचेरीत येत नाहीत, हे साहेबांना मीच समजावून सांगतो. आणि तोच मी लिफ्टमध्ये उभा राहून काय बडबडलो होतो!

बायको इस्पितळातून थेट दवाखान्यात आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी बाजू मांडली असती. काचेच्या पेटीत चिमणी नळी लावून पडली होती, तिच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली आणि मग एवढंच म्हणाली, "आईला आत्ता काही सांगायचं नाही. तिला पायावर उभी राहू दे."

दोन दिवस मी कचेरी सुटली की दवाखान्यात जाऊन बसायचो. शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी चिमणीला घरी सोडलं. जबड्याला तार, सहा आठवडे पिंजऱ्यात विश्रांती, आणि दर चार तासांनी पातळ खाणं, तेही पिचकारीनं. मी अर्ध्या-अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पिंजरा दोन्ही हातांत सांभाळत मी फाटकातून आत शिरलो तर सूचनाफलकासमोर गर्दी. मला बघून लोक बाजूला झाले.

फलकावर लिहिलं होतं: 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की दि. ९ रोजी सातव्या मजल्यावरून मांजर पाडली. तरी उंचावरून प्राणि सोडण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.'

पाडली! मराठीत पडणं आणि पाडणं यात एका कान्याचं अंतर आहे, पण त्या एका कान्यात माणसाची सगळी अब्रू बसते. मी पिंजरा वर ठेवून सेक्रेटरींच्या दारात गेलो.

"पडली असं हवं."

"मांजर आपण होऊन कशी पडेल? तुम्हीच म्हणालात, त्यांचा तोल जात नाही."

"तोल जात नाही असं मी म्हणालो नव्हतो. पडली तर लागत नाही असं म्हणालो होतो."

"म्हणजे म्हणाला होतात," ते म्हणाले, आणि समाधानानं मान डोलावली.

मला सांगा, अशा माणसाशी किती बोलायचं? दुपारी फलकाजवळ कुणी नाही असं बघून मी ब्लेड घेऊन खाली गेलो. मला फक्त तो काना खरवडायचा होता. बाकीच्या मजकुराला मी हात लावणार नव्हतो, वास्तविक त्यातही शुद्धलेखनाची एक चूक होती. अर्धा काना निघाला आणि मागून "काय चाललंय?" असा आवाज आला. संध्याकाळी फलकावर दुसरी सूचना लागली: 'सोसायटीच्या सूचनांमध्ये खाडाखोड करणाऱ्या सभासदावर कारवाई करण्यात येईल.' एकवीस वर्षं मी लोकांच्या शिक्क्यांमधली खाडाखोड पकडली. आता इमारतीत मी खाडाखोड करणारा.

रविवारची सभा मी आयुष्यात विसरणार नाही. जाळीचा अर्ज सहाव्या क्रमांकावर होता, मांजर पहिल्या. एकानं विचारलं, टाकताना पाठीवर टाकली की पोटावर. इंजिनियरांनी उभं राहून सर्वांना मांजर हवेत कसं वळतं ते स्वतःच्या कमरेत वळून दाखवलं आणि त्यांच्या पाठीत उसण भरली, तेही माझ्या खात्यावर गेलं. शेवटी मी बोलायला उभा राहिलो. म्हणालो, "दोन सेकंद लागतात. मी आत होतो, टेप शोधत होतो. ते दोन सेकंद मी कुणाला परत करू शकत नाही." मला पुढेही बोलायचं होतं. कुणीतरी म्हणालं, बरं, आता अर्जाचं बघू. जाळीचा रंग ठरवण्यासाठी तिघांची उपसमिती नेमली गेली.

आणि एवढं कमी होतं म्हणून मंगळवारी सासूबाईंचा फोन आला.

त्यावेळी मी एका किराणा दुकानात तपासणीला गेलो होतो. मालकानं सगळी वजनं ओळीनं मांडली होती आणि घाम पुसत उभा होता. सासूबाईंकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यामुळे चिमणीला दाखवा असं त्या म्हणू शकत नाहीत, एवढंच आमचं नशीब होतं. पण बायकोनं त्यांच्या समाधानासाठी सांगून ठेवलं होतं की जावई रजा घेऊन दिवसभर चिमणीजवळ बसलेले असतात.

"घरी आहात ना, जावईबापू?"

"हो आई. घरीच."

"चिमणी जवळ आहे?"

"ही काय, मांडीवर."

"मग फोन जरा तिच्या कानाला लावा. बोलते मी."

मी इकडेतिकडे बघितलं. समोर पाच किलोचं लोखंडी वजन होतं. मी फोन त्याला लावला. खोटं बोलायचं तर निदान हावभाव तरी खरे असावेत, असा माझा विचार. दोन-तीन मिनिटं त्या वजनाशी सासूबाई बोलत होत्या. काय बोलल्या ते मला ऐकू येत नव्हतं, फक्त आवाज येत होता, मऊ, मी कधी न ऐकलेला. दुकानदार माझ्याकडे बघत होता. मग फोनमधला आवाज थांबला, आणि मला वाटलं, एवढं बोलल्यावर काहीतरी उत्तर जायला हवं. मी तोंड फोनजवळ नेलं आणि म्हणालो, "म्यांव."

"जावईबापू."

"हो आई."

"चिमणी ओरडत नाही. नऊ वर्षांत एकदाही ओरडलेली नाही. तोंड उघडते, आवाज निघत नाही तिचा."

इतके दिवस मांजर माझ्या घरात होती आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं! आणि मी स्वतःला निरीक्षक म्हणवतो.

"काय झालंय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, चिमणी पडली." पहिल्यांदाच कुणालातरी या वाक्याचा अर्थ लगेच कळला. "गॅलरीतून. कबुतरामागे. माझ्या घरात, मी असताना."

"आहे की गेली?"

"आहे. जबड्याला तार आहे. खाते आहे. मीच भरवतो."

थोड्या वेळानं मला कळलं की त्या रडताहेत. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. भरल्या दुकानात, हातात फोन धरून मी तसाच उभा राहिलो. फोन बंद झाल्यावर दुकानदारानं न सांगता मागच्या खोलीतून आणखी दोन वजनं आणून माझ्यापुढे ठेवली. "ही जरा हलकी आहेत साहेब," तो म्हणाला. "तुमच्याकडे बघून राहवेना."

सासूबाईंनी इस्पितळात आमच्या घरी, चिमणीकडे जाण्याचा हट्ट धरला. तिथले डॉक्टर म्हणाले, आधी वॉकर घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन या, मग बघू. आठ दिवस ज्या चार पावलं टाकायला तयार नव्हत्या, त्या दोन दिवसांत व्हरांड्याच्या तीन फेऱ्या मारायला लागल्या. "जे तुम्हाला कुणालाच जमलं नाही, ते चिमणीनं करून घेतलं," नर्स बायकोला म्हणाली. बायकोनं हे मला सांगितलं, पण माझ्याकडे न बघता.

शनिवारी सकाळी बायको त्यांना घेऊन इमारतीखाली आली, आणि लिफ्ट बंद. दुरुस्तीवाले आत काहीतरी ठोकत होते. नवीन गुडघ्यानं सात मजले चढण्याचा प्रश्नच नव्हता. रखवालदारानं खुर्ची आणून दिली, सासूबाई नेमक्या त्या क्रीम गाडीशेजारी बसल्या, वॉकर पुढ्यात, आणि त्यांनी बायकोच्या फोनवरून मला हुकूम दिला.

"तिला खाली आणा. सावकाश."

मी पिंजरा छातीशी धरला. घसरू नये म्हणून अनवाणी निघालो. एकशे सव्वीस पायऱ्या. जे अंतर चिमणीनं दोन सेकंदांत कापलं, त्याला मला वीस मिनिटं लागली, कारण प्रत्येक मजल्यावर लोक दारात येऊन उभे होते. इंजिनियर पाठीला पट्टा बांधून माझ्यापुढे उलटे उतरत होते आणि "पुढे पायरी आहे" असं प्रत्येक पायरीला सांगत होते. पाचव्या मजल्यावरच्या त्या बाईंनी पिंजऱ्यात डोकावून बघितलं आणि माझ्याकडे रागानं बघत म्हणाल्या, "मांजर आहे असं आधी सांगायचं ना!"

खाली पोचलो. सासूबाईंनी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि हात आत घातला. चिमणीनं तार लावलेलं तोंड जेमतेम उघडलं, आवाज काहीच नाही, आणि डोकं त्यांच्या तळहातात ठेवलं. बराच वेळ दोघी तशाच होत्या. जिन्यातली माणसं मागोमाग उतरून भोवती उभी राहिली.

"वाळलीस गं," सासूबाई म्हणाल्या. मग वर बघून, "तुम्हीपण."

तेवढ्यात सेक्रेटरी पुढे झाले. "आजी, उंचावरून प्राणी खाली आणायला मनाई आहे. सूचना लावलेली आहे. आणि आमच्या गाडीच्या छपराचा विषय अजून मिटलेला नाही."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग गाडीकडे बघितलं. मग त्या खड्ड्याकडे.

"ही गाडी तुमची?"

"हो."

"माझ्या मांजरीचा जबडा मोडणारी गाडी हीच का?"

"अहो, ती पडली..."

"तुम्ही ती इथं लावली होतीत. खाली मोकळी माती आहे, गवत आहे. तिच्या वाटेत लोखंड आणून कुणी ठेवलं?"

सेक्रेटरींनी तोंड उघडलं आणि चिमणीसारखंच, आवाज निघाला नाही. गर्दीतून कुणीतरी हसलं. इंजिनियर म्हणाले की मऊ जमिनीचा मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. एकवीस वर्षं मी निकाल देत आलो, पण इतका झटपट आणि इतका अन्यायकारक निकाल माझ्या बाजूनं लागलेला मी पहिल्यांदा बघत होतो, आणि मला तो मनापासून आवडला. माझी मान दहा दिवसांनी सरळ झाली. बायकोनंसुद्धा माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात आतलं ठोकणं थांबलं आणि लिफ्टचं दार सरकलं. दुरुस्तीवाला म्हणाला, झालं, जा वर. आम्ही सासूबाईंना सावकाश आत नेलं. वॉकर, पिंजरा, बायको, मी. दार बंद झालं. आता बाहेरचं कुणी ऐकणारं नव्हतं.

"हं," सासूबाई पिंजऱ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता सांगा जावईबापू. मांजर गॅलरीत, आणि तुम्ही आत काय शोधत होतात म्हणे?"

आमची लिफ्ट फार हळू चालते, अशी मी दोनदा लेखी तक्रार केलेली आहे. त्या दिवशी मात्र, मला उत्तर जुळवायला वेळ हवा होता तेव्हा, ती बघता बघता सातव्या मजल्यावर पोचली.